रविवारचा राष्ट्रपती

व्हर्लिन जेन्ट्रीला अख्खं हॅकबेरी 'प्रेसिडेंट' म्हणायचं, आणि त्यात कुणी आदर शोधायला गेलं असतं तर हात हलवत परत आलं असतं. शाळेत तो डबा विसरून आला की पोरं म्हणायची, "प्रेसिडेंटना सरकारी जेवण येणार आहे." मोठा होऊन धान्याच्या कोठारावर कामाला लागला, तेव्हा मुकादम म्हणायचा, "प्रेसिडेंट, देशाचा कारभार जरा बाजूला ठेवा आणि ती मक्याची गाडी रिकामी करा." व्हर्लिन हसायचा. लोक आपली थट्टा करतात ती आपलेपणाने, असं त्याला वाटायचं. तो भोळा होता असं मी म्हणणार नाही. त्याला तसं वाटून घ्यायचं होतं, आणि मिसूरीतल्या आमच्या कोपऱ्यात गरीब माणसाला वाटून घेण्यासारखं दुसरं फारसं काही मिळत नाही.

थट्टेचं मूळ होतं त्याच्या खापरपणजोबांत. लेम्युएल जेन्ट्री सिनेटर होते, आणि एक दिवस ते अमेरिकेचे राष्ट्रपती होते असं गाव मानायचं. त्या काळी राष्ट्रपतीची मुदत चार मार्चला दुपारी बारा वाजता संपायची. एका वर्षी चार मार्च नेमका रविवारी आला. निवडून आलेला नवा राष्ट्रपती देवभीरू निघाला. रविवार प्रभूचा, त्या दिवशी शपथ घेणार नाही, सोमवारी दुपारी घेईन म्हणाला. जुना राष्ट्रपती बाराच्या ठोक्याला गेला, त्याचा उपराष्ट्रपतीही गेला, आणि नवे तर अजून आलेच नव्हते. कायदा सांगत होता की दोघेही नसतील तर सिनेटच्या हंगामी अध्यक्षाने कारभार पाहावा. ते हंगामी अध्यक्ष म्हणजे लेम्युएल. सिनेटच्या शेवटच्या बैठकीने ते इतके दमले होते की घरी येऊन जे आडवे झाले ते सोमवारीच उठले. देश त्यांनी झोपेत चालवला.

असला वारसा मिळाल्यावर दुसऱ्या गावाने पुतळा उभारला असता. हॅकबेरीने खेळ मांडला. दर वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी कोर्टाच्या ओसरीवर लोखंडी पलंग टाकायचा, आणि लेम्युएलच्या वंशजाने बाराच्या घंटेला त्यावर झोपायचं ते सोमवारच्या बाराच्या घंटेपर्यंत. त्याने डोळे मिटलेले ठेवायचे, बोलायचं नाही, जमिनीला पाय लावायचा नाही. नैसर्गिक विधींसाठी चादरीचा आडोसा आणि बादली होती, आणि तिच्यावरचे विनोद पिढ्यान्‌पिढ्या तेच होते. गावाने त्याला उठवायचा प्रयत्न करायचा. पातेली बडवा, नाकापाशी बेकन तळा, वाटेल ती थाप मारा, सगळं चालेल. मनाई फक्त एका गोष्टीची होती. पलंगावरच्या माणसाला हात लावायचा नाही. जो लावील तो आणि त्याचं घराणं या खेळातून कायमचं बाद.

व्हर्लिनचा बाप त्या पलंगावर झोपायचा. बाप गेला आणि विसाव्या वर्षी व्हर्लिन झोपू लागला. तो एकदाही उठला नाही. घर पेटलं म्हणून लोक ओरडले, गाय रेल्वेखाली गेली म्हणून रडले. युद्धाच्या काळात एकाने तर त्याचा धाकटा भाऊ पॅसिफिकमधल्या लढाईत मारला गेल्याची खोटी तार मोठ्यांदा वाचून दाखवली. तो भाऊ तेव्हा खरंच तिकडे लढत होता. व्हर्लिनच्या पापण्या हलल्या नाहीत. त्या रात्री दारूच्या गुत्त्यात लोक म्हणाले की गड्याची छाती दगडाची आहे, आणि ही गोष्ट त्याच्या कानावर आली तेव्हा त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण कुणीतरी आहोत.

पण त्याचा आवडता किस्सा वेगळा होता. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि ऑर्फाला आठवा महिना होता. गावातल्या बायकांनी तिला भरीला घातलं. ती पलंगाच्या कडेला येऊन पोट धरून ओरडली, "व्हर्लिन, रक्त जातंय रे, ऊठ!" व्हर्लिन पडून राहिला. गावाने टाळ्या वाजवल्या. पुढे कित्येक वर्षं तो हे पाहुण्यांना रंगवून सांगायचा, "स्वतःची बायको, बरं का! आणि रडत होती, खरी रडत होती!" ऑर्फा तेव्हा उठून चुलीकडे जायची. एकदा झेल्मा रस्क या शेजारणीने तिला विचारलं, तू तयार तरी कशी झालीस? ऑर्फा म्हणाली, "मला बघायचं होतं." काय बघायचं होतं ते झेल्माने विचारलं नाही. तिलाही नवरा होता.

एकुलती मुलगी लग्न होऊन ओक्लाहोमाला गेली. व्हर्लिन कोठारावरच म्हातारा झाला. धूळ छातीत बसली, मुकादमाचा मुलगा मुकादम झाला, आणि वर्षातला एक दिवस सोडला तर त्याच्या नावावर जमा असं काही नव्हतं. माझं म्हणणं असं की तो एक दिवस नसता तर तो जास्त सुखी झाला असता. पण हे त्याला सांगायची सोय नव्हती.

मग एका पानगळीत राज्याच्या विद्यापीठातून लिंडक्विस्ट नावाचे कायद्याचे प्राध्यापक आले. गावाने हौसेने बोलावलं होतं. महामार्गावर 'रविवारच्या राष्ट्रपतीचं गाव' अशी पाटी लावायची होती आणि त्यासाठी कुणा विद्वानाची शिफारस हवी होती. चर्चच्या तळघरात ॲपल-पाय आणि कॉफीचा बेत झाला. व्हर्लिन पहिल्या रांगेत लग्नातला कोट घालून बसला होता.

प्राध्यापक सज्जन होते, म्हणून त्यांनी फारच सावकाश सुरी फिरवली. लेम्युएल जेन्ट्री सिनेटचे हंगामी अध्यक्ष होते हे खरं, ते म्हणाले. पण त्यांची स्वतःची सिनेटची मुदतही त्याच चार मार्चला, त्याच बाराच्या ठोक्याला संपली होती. नव्या मुदतीची शपथ त्यांनी सोमवारी घेतली. म्हणजे रविवारी ते हंगामी अध्यक्ष नव्हते, आणि धड सिनेटरही नव्हते.

"बरं, तेही सोडा," प्राध्यापक म्हणाले. "शपथेशिवाय राष्ट्रपती होत नाही असं धरलं, तर तुमच्या लेम्युएलनी तरी कुठे शपथ घेतली होती? आणि शपथेशिवायही होतो असं धरलं, तर तो नवा देवभीरू गृहस्थ बारालाच राष्ट्रपती झाला होता. कुठूनही मोजा, जेन्ट्री बसत नाहीत."

व्हर्लिन उभा राहिला. "मग साहेब, त्या रविवारी ते कोण होते?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "रविवारी? एक झोपलेले गृहस्थ."

आधी कुणीतरी नाकातून हसलं, आणि मग सगळं तळघर हसलं. प्राध्यापक ओशाळले, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून न्हाव्याच्या दुकानात व्हर्लिन शिरला की खुर्चीतून आवाज यायचा, "या, झोपलेले गृहस्थ!" जन्मभर 'प्रेसिडेंट' ऐकून ज्याने तोंड वाकडं केलं नाही, तो आता 'प्रेसिडेंट' ऐकायला तरसू लागला.

पाटी बारगळली. खेळ मात्र राहिला, कारण त्या दिवशी आसपासच्या चार गावांचे लोक येऊन खर्च करतात. उत्सव समितीचा प्रमुख होता बॉइड केसिंजर. चौकात कोर्टासमोरच त्याचं ट्रॅक्टरचं दुकान. व्हर्लिनच्या वर्गातला. पैसा, मोटार, दोन मजली घर, सगळं होतं त्याच्याकडे, फक्त तो पलंग नव्हता, आणि पोरवयापासून त्याचा त्या पलंगावर डोळा होता. समितीच्या बैठकीत तो म्हणाला, "मुळात राष्ट्रपतीच नव्हता, तर रक्ताचा हक्क कुठून आला? आता हे लायकीवर चालावं. व्हर्लिन पडून राहील तोवर पलंग त्याचा. उठला की, ज्यांना झोपायचंय त्यांची यादी करू, तिच्यातला पुढचा." यादीत पहिलं नाव कुणाचं होतं ते सांगायला नकोच. लिंडक्विस्टना कळलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. कधी नसलेल्याच एका दिवसाच्या पदासाठी आमच्या गावाने वारसांची रांग लावली होती.

त्या हिवाळ्यात ऑर्फाचं हृदय बिघडलं. पाय सुजले, आडवं पडलं की जीव गुदमरायचा. ती उशांना टेकून बसूनच झोपायची. डॉक्टर म्हणाले, एकटी ठेवू नका. मार्चचा पहिला रविवार उजाडला. व्हर्लिन लोकरीचे मोजे एकावर एक चढवत होता.

"या वर्षी नको जाऊस," ऑर्फा म्हणाली.

"हे एकच वर्ष गं. आज गेलो नाही तर तिथे बॉइड झोपेल."

"झोपू दे की मेल्याला. थंडीशिवाय आहे काय तिथे?"

"तुला नाही कळायचं."

"मला चांगलं कळतं. तो हसला ना तुला, तो चष्मेवाला, म्हणून चाललायस. आता त्याला काय दाखवणार आहेस? तो येणारसुद्धा नाही बघायला."

व्हर्लिनने बुटाची नाडी ओढली. "झेल्मा बसणार आहे तुझ्यापाशी. काही वाटलं तर निरोप पाठव. दहा मिनिटांत घरी येतो."

ऑर्फाला हसू आलं, आणि हसताना धाप लागली. "निरोप? तुला? आज?"

हे त्याच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. मग म्हणाला, "मला ऐकून कळतं खरं काय ते."

"त्या वर्षी कळलं होतं? मी ओरडले तेव्हा?"

"कळलं म्हणून तर उठलो नाही!"

ऑर्फाने डोळे मिटून घेतले. मग तीच म्हणाली, "त्यांना सांग, खरं असेल तर हात लावा म्हणावं. थापेसाठी कोण घराण्याचं नाव घालवणार आहे? हात लागला म्हणजे खरं."

व्हर्लिनला ते इतकं पटलं की त्याने वाकून तिच्या केसांवर ओठ टेकवले, आणि तो मोकळ्या मनाने निघाला.

ओसरीवर पलंगाशी उभं राहून त्याने सगळ्यांदेखत हे सांगितलं. बायको आजारी आहे. खरंच काही झालं तर मला हात लावा, मी उठेन. समितीचे लोक माना डोलावत म्हणाले, अर्थात, अर्थात. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "मग हात लावणाऱ्याचं नाव यादीतून जाईल का?" बॉइड म्हणाला, "नियम म्हणजे नियम, पाद्रीसाहेब. पण अशा वेळी यादी कोण बघतो?" ते ऐकून सगळ्यांनाच बरं वाटलं. घंटा झाली, व्हर्लिन आडवा झाला, बायकांनी गोधडी पांघरली.

दुपार नेहमीसारखी गेली. पोरांनी डबे वाजवले. कुणीतरी कानाशी कोंबडा धरला. न्हाव्याने खास लिंडक्विस्टच्या आवाजात भाषण केलं आणि शेवटी "झोपलेले गृहस्थ!" म्हटल्यावर चौक दणाणला. व्हर्लिनचा चेहरा हलला नाही. हसा, हवं तेवढं हसा, तो मनात म्हणत होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा समोरून ट्रॅक्टरच्या दुकानाचं दार जोरात आपटल्याचा आवाज आला आणि कुणीतरी धावत पायऱ्या चढलं. तंबाखूच्या वासावरून व्हर्लिनने बॉइडला ओळखलं.

"व्हर्लिन! ऊठ! झेल्माचा फोन आलाय माझ्या दुकानात. ऑर्फाला श्वास लागत नाहीये. निळी पडलीय म्हणाली. ऊठ लवकर!"

मग एक जण ओरडला, "शाब्बास बॉइड! आजची सगळ्यात भारी!"

"अरे गाढवांनो, खरं सांगतोय मी!"

"तेच तर म्हणतोय! काय आवाज काढलाय!"

व्हर्लिनला बॉइडच्या आवाजात थट्टा ऐकू आली नाही. पण बॉइडशिवाय कुणाला तो उठायला हवा होता? तो गोधडीखाली हात आवळून वाट पाहू लागला. खरं असेल तर आता हात लागेल. खांद्यावर लागेल, नाहीतर पायावर.

"मग लाव की हात!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"हो, हात लाव! ठरलंय ना तुमचं!"

मग सगळेच सुरात ओरडू लागले, टाळ्यांच्या ठेक्यावर. हात लाव! हात लाव! तंबाखूचा वास अगदी जवळ आला. गोधडीवर कुणीतरी ओणवलं होतं, मिटलेल्या डोळ्यांनाही सावली कळत होती. व्हर्लिनने श्वास रोखला. सावली तशीच राहिली, खूप वेळ राहिली असं त्याला वाटलं.

"व्हर्लिन," बॉइड अगदी हळू म्हणाला, "तू आपणहून ऊठ ना रे."

आणि सावली बाजूला झाली.

व्हर्लिनच्या अंगातला ताण एकदम उतरला. त्याला हसू आवरेना. ओठ मिटूनच तो हसला, आणि ते पाहून गर्दीने जो आरडाओरडा केला तसा त्याच्यासाठी कधी कुणी केला नव्हता. बॉइडची मोटार भरधाव निघून गेल्याचं त्याने ऐकलं. डॉक्टरच्या घराच्या दिशेने गेली ती, पण हरलेला माणूस कुठल्या दिशेने पळतो याचा विचार कोण करतो?

संध्याकाळी चौकातला आवाज कमी झाला. आधी पोरं गेली, मग ओसरीवरची कुजबुज थांबली. समितीची माणसं पायऱ्यांच्या खाली काहीतरी बोलत होती. "आता उठवून तरी काय उपयोग?" एवढं एक वाक्य व्हर्लिनच्या कानी पडलं, आणि "उद्या बाराला सांगू, निदान त्याचं तेवढं तरी..." असं अर्धं दुसरं. पाद्रीसाहेब म्हणाले, "कुणीतरी हात लावायला हवा." पण पायऱ्या कुणीच चढलं नाही. प्रत्येकाला मुलगा होता, आणि प्रत्येकाच्या मुलाचं नाव यादीत होतं. पाद्रीसाहेबांचा मुलगा यादीत चौथा होता.

व्हर्लिनने त्याचा अर्थ असा लावला की गाव थकलं, आपल्यापुढे हरलं. कुणा बाईने येऊन न बोलता त्याच्यावर दुसरी गोधडी घातली. असं आजवर कधी झालं नव्हतं. आज यांनी मला मानलं, तो मनाशी म्हणाला. आणि त्या कडाक्याच्या थंडीत तो खरोखर गाढ झोपला. आयुष्यात इतका शांत तो कधी झोपला नसेल.

सोमवारी बाराची घंटा झाली. तो डोळे उघडून उठून बसला आणि टाळ्यांची वाट पाहू लागला. चौक भरलेला होता. पुरुषांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. सगळ्यात पुढे झेल्मा रस्क काळा कोट घालून उभी होती. व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं, मग बॉइडकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. सांगावं लागलं नाही.

"हात का नाही लावलास?" त्याने विचारलं.

बॉइडने दाढी केली नव्हती. "मी डॉक्टरला घेऊन गेलो. शंभरच्या वेगाने गेलो, व्हर्लिन. तिला उचलून मोटारीत ठेवली मी, याच हातांनी..."

"मला का नाही लावलास?"

व्हर्लिन पलंगाची कड धरून पुढे झुकला. त्याची मूठ आवळलेली होती, आणि त्याने ती मारली असती तर कुणी अडवलं नसतं. झेल्मा मध्ये आली.

"त्याला कशाला विचारतोस?" ती म्हणाली. "ऑर्फाने मला विचारलं, निरोप गेला का? मी म्हटलं, गेला, बॉइड गेलाय बोलवायला. तर म्हणाली, बॉइड हात लावणार नाही. आणि लावला तरी हा बारापर्यंत राष्ट्रपती आहे."

व्हर्लिनची मूठ सुटली. "मी उठलो असतो," तो म्हणाला. "हात लागला असता तर मी उठलो असतो, झेल्मा. खरंच उठलो असतो."

त्याने एकेकाकडे पाहिलं, न्हाव्याकडे, मुकादमाच्या मुलाकडे, पाद्रीसाहेबांकडे, कुणीतरी हो म्हणावं म्हणून. पाय अजून त्याने जमिनीला लावले नव्हते.

"ऊठ आता, व्हर्लिन," झेल्मा म्हणाली. "बारा वाजून गेले."

त्याला उठता येईना. तेव्हा लोक पुढे सरसावले. कुणी खांद्याला धरलं, कुणी दंडाला, कुणी पाठीवरून हात फिरवू लागलं. खेळ संपला होता, आता मनाई नव्हती. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने हात ठेवला.